पाच-दहाचं पाच-एक

त्याला मी इथे 'तो'च म्हणणार आहे. संस्थेत सगळे त्याला सर म्हणायचे, मीही म्हणत होते, आणि वयाने तो माझ्याहून बराच मोठा आहे. पण ज्या माणसाने माझ्या बाबांना भर सभेत खोटं ठरवलं, त्याला अहो-जाहो करायला माझी लेखणी तयार नाही. ज्यांना हे खटकेल त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमचं गाव लाखांदूरच्या अलीकडे, एस.टी.च्या रस्त्यापासून थोडं आत. गावाला एक जुना तलाव आहे. तलावाच्या पाण्यावर खाली धान पिकतं आणि तलावात आमची मासळी. आम्ही ढिवर. गावातल्या ढिवरांची मच्छीमार सोसायटी आहे, आणि तिच्याकडे आमचा तलाव धरून आसपासचे दोन-तीन तलाव आहेत. बाबा आमच्या तलावाचे राखणदार होते. बीज सोडण्यापासून जाळं टाकण्यापर्यंत तलावावर नजर ठेवायची आणि रोज सकाळी पाणी मोजायचं, हे त्यांचं काम. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या वाटेने बाहेर पडतं तिला आम्ही सलंग म्हणतो. आमचा सलंग सहा फुटांवर आहे. पाणी सहा फुटांच्या जवळ आलं की सलंगावर जाळी लावावी लागते. नाही लावली तर वर्षाची मासळी पाण्याबरोबर नाल्यात.

पाणी मोजायला तलावाच्या पायऱ्यांपाशी एक दगडी खांब आहे. त्यावर फूट आणि इंच रंगवलेले. आता आमच्या भागात फूट-इंच लिहायची एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाच फूट दहा इंच लिहायचं असलं की आम्ही '५.१०' लिहितो. टिंबाच्या अलीकडे फूट, पलीकडे इंच. सुतार दाराचं माप असंच लिहितो. पोरीच्या लग्नाच्या बायोडाटावर उंची अशीच असते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं एकमेकांना आपली उंची मोबाइलवर अशीच टाकतात. ५.९ नंतर ५.१० येतो, मग ५.११, मग ६. यात कोणाचा कधी गोंधळ झालेला मी पाहिला नाही, कारण वाचणाराही माणूसच असतो आणि त्याला बारा इंचांचा फूट माहीत असतो.

मी नागपूरला कॉम्प्युटर शिकले आणि तिथल्याच एका संस्थेत लागले. संस्था तलावांच्या पाण्यावर काम करायची. राखणदाराने मोबाइलवर आकडा टाकायचा, आमच्या प्रोग्रामने तो वाचायचा, आणि पाणी सलंगाजवळ आलं की सोसायटीच्या ग्रुपवर आपोआप निरोप जायचा, एवढंच ते ॲप. प्रोग्राम पायथनमध्ये होता आणि पहिला मी लिहिला होता. घरून काम करायची मुभा होती, म्हणून मी गावातच राहायचे. माझ्या बाबांच्या तलावाचा आकडा माझ्या प्रोग्राममध्ये येतो, याचा मला फार अभिमान होता. बाबांनाही होता, पण ते कधी बोलले नाहीत. फक्त नवीन मोबाइल ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायला लागले, पूर्वीचा पिशवीत असायचा.

माणूस जे टाइप करतो ते मशीनच्या लेखी आधी नुसती अक्षरं असतात. '५.१०' म्हणजे एक पाच, एक टिंब, एक एक आणि एक शून्य. त्याची संख्या करायला पायथनमध्ये एक तयार सोय आहे, फ्लोट नावाची. अक्षरं द्या, दशांशाचा आकडा घ्या. देवनागरी आकडे दिले तरी ती बिनबोभाट घेते. पण ती दशांशच जाणते. तिला ५.१० दिलं की ती ५.१ देते, शेवटचं शून्य तिच्या हिशेबी बिनकामाचं. म्हणजे ५.९ पेक्षा ५.१० लहान. पाणी एक इंच चढलं की फ्लोटच्या मते ते धाडकन खाली गेलं. म्हणून मी सरळ फ्लोट वापरलं नव्हतं. मी टिंबावर अक्षरांचे दोन तुकडे करत होते, पहिल्याचे फूट, दुसऱ्याचे इंच, इंचांना बाराने भागायचं, आणि इंच अकराच्या वर गेले तर परत विचारायचं. बारा-पंधरा ओळींचं साधं काम होतं ते. सुंदर नव्हतं, पण बरोबर होतं.

मग तो आला. पुण्याहून, मोठ्या पगारावर, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर. पहिल्याच आठवड्यात त्याने नागपूरच्या ऑफिसात सगळ्यांसमोर माझा प्रोग्राम मोठ्या पडद्यावर उघडला आणि माझ्या त्या ओळींवर येऊन हसला. हसणं मला अजून आठवतं, नाकातून होतं. म्हणाला, एका ओळीचं काम आहे हे, फ्लोट कशासाठी असतं मग? आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने त्या ओळी खोडून एक ओळ लिहिली. मी म्हटलं, सर, आमच्याकडे लोक टिंबानंतर इंच लिहितात. तो म्हणाला की यापुढे सगळ्यांनी दशांशात लिहायचं, तशी सूचना जाईल. सूचना गेली. पाच पानांची होती आणि इंग्रजीत होती. बाबांनी ती उघडून पाहिली आणि मला विचारलं की हे लाइटबिल आहे का.

मी त्याला पुन्हा मेल लिहिला. त्याचं उत्तर आलं की प्रत्येक गावाची सवय सांभाळत बसलो तर प्रोग्राम नाही, खिचडी होईल. वर मला विहिरींच्या कामावर टाकलं, म्हणजे तलावाच्या प्रोग्रामला माझा हातच लागू नये. मी गप्प बसले नव्हते, हे मी मुद्दाम नमूद करून ठेवते.

त्या वर्षी गणपतीच्या सुमारास पाणी चढायला लागलं. पाच-आठला ॲपचा निरोप आला, जाळी लावा. लोकांनी लावली. पाच-नऊला सगळं ठीक. लोक म्हणायला लागले की हे बरं आहे, आता तलावावर चकरा मारायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी कोंढ्याला आमच्या आत्याच्या सासऱ्यांची तेरवी होती. बाबा सकाळी उठून तलावावर गेले, खांबावर पाच-दहा वाचलं, ५.१० टाकलं, घरी येऊन धुतलेला शर्ट घातला आणि गाडी पकडायला निघाले. मी स्वतः त्यांना पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, उतरताना पाहिलं होतं, पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

थोड्या वेळाने ग्रुपवर ॲपचा निरोप आला की पातळी घटली आहे, सलंगावरची जाळी काढता येईल. तेव्हाच सोसायटीच्या दुसऱ्या तलावाचा निरोप आला की तिथे पाणी वर येत आहे. मोठी जाळी सोसायटीकडे एकच. अध्यक्षांनी ट्रॅक्टर पाठवला. अध्यक्ष म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, मी त्यांना काका म्हणते. बाबा आणि ते एकाच डोंग्यातून जाळं टाकायला शिकले. जाळी काढायला गेलेल्यांपैकी एकाने म्हणे पाणी पाहिलं आणि तो बोललाही की काका, पानी तं काठाले लागून हाये. काकांनी मोबाइल पाहिला आणि म्हणाले, "यात उतरलं म्हनते, तं उतरूनच राहिलं असंल." ऊन पडलं होतं, ट्रॅक्टर खोळंबला होता. त्यांनी जाळी काढली आणि घेऊन गेले. मी त्या दिवशी विहिरींच्या कामासाठी भंडाऱ्याला होते आणि आमचा ग्रुप बघायला मला सवड झाली नाही. बाबा तेरवीत होते, त्यांनीही मोबाइल पाहिला नाही.

संध्याकाळी वरच्या जंगलाकडे पाऊस झाला. सकाळी आम्ही उठलो तेव्हा सलंग वाहत होता आणि लोक धानाच्या बांध्यांमध्ये, खालच्या शेतांत, रोहू पकडत होते. कोणी लुगड्याने, कोणी मच्छरदाणीने. पोरं ओरडत होती, खालच्या गावचे लोकही आले होते. सोसायटीच्या बायका पाळीवर बसून नुसत्या पाहत होत्या. बाबा दुपारच्या गाडीने परत आले. वाटेतच कोणीतरी सांगितलं होतं. ते घरी न येता थेट सलंगावर गेले आणि तिथेच उभे राहिले.

चौथ्या दिवशी तो आला. समाजमंदिरात सभा झाली. भिंतीवर चादर लावून त्याने तलावाच्या पाण्याची त्या आठवड्याची रेघ दाखवली. रेघ चढत चढत आली होती, मग एका ठिकाणी एकदम खड्डा, मग पुन्हा वर. त्या खड्ड्यावर त्याने बोट ठेवलं. म्हणाला, एका रात्रीत एवढं पाणी उतरत नाही, म्हणजे आकडा चुकीचा आहे. ॲपला जे मिळालं ते ॲपने वाचलं. मग बाबांकडे न बघता, लोकांकडे बघत म्हणाला, "राखणदार त्या दिवशी बाहेरगावी जाणार होते. घरी बसून काहीतरी आकडा टाकला असणार. माणसांकडून होतं असं."

मी उठले. पाच-एक नाही, पाच-दहा टाकलं होतं, फ्लोटने शून्य गिळलं, माझ्या ओळी यांनीच काढल्या, असं सगळं एका श्वासात बोलले. तो शांतपणे म्हणाला, दाखव मग ५.१० कुठे आहे ते. त्याने आतला आकडा उघडला. तिथे ५.१ होतं. तेवढंच असणार होतं. मूळ अक्षरं कुठे ठेवायचीच नाहीत, हीसुद्धा त्याचीच सुधारणा. एकदा संख्या झाली की ते शून्य कुठूनच परत आणता येत नाही. पाच-दहा टाकणारा आणि पाच-एक टाकणारा, दोघांच्या नावावर एकच आकडा. त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला की मुलीला वडिलांसाठी वाईट वाटणं साहजिक आहे. मी तिथे रडले. दुःखाने नाही, रागाने रडले, पण लोकांना त्यातला फरक दिसत नाही.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी एकच वाक्य म्हटलं, तेही काकांना उद्देशून, "मी पानी पाहूनच टाकलो गा." काकांनी मान खाली घातली. कोणीच काही म्हणालं नाही. राखणदारी काढून घेतली आणि काकांच्या पुतण्याला दिली.

त्यानंतर बाबा तलावाकडे गेले नाहीत. बाजाराला जायचं तर पाळीवरून जवळ पडतं, ते लांबच्या रस्त्याने जायचे. दिवसभर ओसरीवर जाळी विणायचे आणि विणलेली उसवायचे. एकदा पानठेल्यावर कोणीतरी विचारलं, "आज घरूनच किती फूट टाकला गा?" लोक हसले. बाबा घरी आले आणि मोबाइल आईकडे देऊन म्हणाले, हा तुझ्याकडेच राहू दे. आई मला म्हणाली, सोड आता ती नोकरी. मी म्हटलं, नाही सोडत.

नोकरी सोडली असती तर त्याच्या तोंडासमोरून मी नाहीशी झाले असते, आणि मला तेच नको होतं. मला तो समोर हवा होता. मी त्याच्याशी गोड वागायला लागले. सर, तुमचं प्रेझेंटेशन छान झालं. सर, आमच्या गावचे पोहे घ्या. काही जण मला मनातल्या मनात नावं ठेवत असतील, ठेवोत. प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या निघत होत्या, त्याची ती एक ओळ तशीच होती. मी तिला हात लावला नाही. तीनदा सांगितलं होतं, चौथ्यांदा सांगायला मी त्याची नोकर असले तरी गुलाम नव्हते. पाणी उतरणीला लागलं होतं, तेव्हा कोणाच्या मासळीला धोका नव्हता. मी रोज सकाळी ती ओळ उघडून एकदा पाहायचे, मग कामाला लागायचे. दुसऱ्या कोणाला हे वेडेपणाचं वाटेल. मला त्याने दिवस काढायला बळ मिळायचं.

मी खूप काही योजून पाहिलं. संस्थेला पैसे देणाऱ्यांना पत्र लिहावं, त्याच्या जुन्या ऑफिसात चौकशी करावी, गेला बाजार त्याच्या गाडीची हवा सोडावी. पण समजावून सांगितलेलं लोकांना पटत नाही, हे मी समाजमंदिरात पाहिलं होतं. फ्लोट काय, टिंब काय, कोण ऐकून घेणार. जे बाबांच्या बाबतीत झालं तेच त्याच्या बाबतीत व्हायला हवं होतं, तेही सगळ्यांसमोर आणि त्याच्याच हाताने.

धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर संस्थेने लाखांदूरला एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. भागातल्या सगळ्या सोसायट्या, नागपूरहून एक पाहुण्या मॅडम, जेवण, फोटो. त्यात तो ॲपचं कौतुक करणार होता. मी स्थानिक म्हणून आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. आभार मानणारीला सगळे गृहीत धरतात, तेव्हा लोक जेवणाच्या वासाकडे लक्ष देऊन बसलेले असतात. मी ताबडतोब हो म्हटलं.

बाबा यायला तयार नव्हते. त्या लोकांत मी कायले येऊ, म्हणाले. मी म्हटलं, मी स्टेजवर बोलणार आहे. ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ बसले. आमच्या सोसायटीचे लोक मधल्या रांगांत होते. काका स्टेजवर.

त्याचं भाषण झालं. तलावांची रेघ, ॲपचं चित्र, टाळ्या. मग माझी पाळी. मी सगळ्यांचे आभार मानले, जेवण करणाऱ्या बायकांचेही मानले, आणि म्हटलं, आता एकत्र फोटो काढायचा आहे. फोटोत ठेंगणे पुढे आणि उंच मागे असे उभे राहावे लागतात. हे कामसुद्धा सरांचं ॲप करू शकतं, कारण ॲपला फूट-इंच कळतात. सरांनी आणि पाहुण्यांनी आपापली उंची टाकावी. तो खूश झाला. मी लॅपटॉप पुढे केला, पडद्यावर सगळं दिसत होतं. आकडा वाचणाऱ्या भागात मी एकही ओळ नवी लिहिली नव्हती. तलावाचा आकडा ज्या खान्यातून जात होता त्याच खान्यातून उंची जाणार होती आणि लहान ते मोठी अशी लावली जाणार होती.

काकांची उंची मी विचारून टाकली, ५.२. ते गावात सगळ्यात ठेंगणे आहेत आणि त्यांना त्याची चेष्टा चालते. पाहुण्या मॅडमनी ५.४ टाकलं. एका सोसायटीच्या अध्यक्षांनी ५.७. मग तो वाकला. तो उंच होता आणि त्याला ते माहीत होतं. त्याने स्वतःच्या बोटांनी ५.१० टाकलं आणि सरळ उभा राहून लोकांकडे पाहून हसला.

मी बटण दाबलं. पडद्यावर नावांची रांग आली. सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात ठेंगणा, तो. समोर उंची ५.१. त्याच्यानंतर काका.

मी माइकमध्ये म्हटलं, सर, तुम्ही पुढे या, काकांच्याही पुढे, मांडी घालून बसलात तरी चालेल. सभागृह हसलं. ढिवर लोक एकदा हसायला लागले की आवरत नाहीत. काका जेमतेम त्याच्या हनुवटीला लागत होते आणि पडद्यावर त्याच्याहून उंच होते. काका स्वतः टाळी देऊन हसले. तोही आधी हसला, मग त्याने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं, मी पाच फूट दहा टाकलंय. मी बरोबर टाकलंय, सगळ्यांनी पाहिलं ना."

मी याच वाक्यासाठी इतके महिने त्याला सर म्हटलं होतं. मी विचारलं, "घरी बसून टाकलं का, सर?"

आमच्या सोसायटीच्या रांगा एकदम गप्प झाल्या. बाकीचे अजून हसत होते, त्यांना माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी अगदी जवळून पाहिला, आणि मला त्याची जराही दया आली नाही. मी पुढे म्हटलं, "माझ्या बाबांनी पण पाच-दहाच टाकलं होतं. पाण्यात उभं राहून टाकलं होतं." मग मी माइक ठेवला. यापुढे काही बोलायची गरज नव्हती, मॅडम प्रश्न विचारायला लागल्या होत्या आणि उत्तरं त्यालाच द्यायची होती. त्याने दिली. माझ्या ओळी होत्या, त्याने काढल्या, मी मेल लिहिला होता, हे सगळं त्याला मोठ्याने सांगावं लागलं. मॅडमनी सांगितल्यावर तो मागच्या रांगेपर्यंत चालत गेला आणि बाबांसमोर हात जोडून माफी मागितली. बाबा उठून उभे राहिले, कारण कोणी समोर आलं की ते उठतात. मला ते उठलेलं आवडलं नाही.

दोन महिन्यांत त्याने संस्था सोडली. आता कुठे आहे ते मला माहीत आहे, कारण मी शोधलं. माझ्या ओळी मी परत लिहिल्या, आता मूळ अक्षरंही ठेवते.

त्या संध्याकाळी लाखांदूरहून आम्ही एस.टी.ने परत आलो. मी आतून फुलून गेले होते. सारखं वाटत होतं की बाबा काहीतरी म्हणतील. ते खिडकीतून कापलेल्या बांध्या पाहत होते. गावाचा फाटा आला तेव्हा बोलले, "तो तं परका होता वं. मी कोन, कसा, त्याले का मालूम? यायले तं मालूम होतं ना."

इतके दिवस मी ज्याच्यावर डोळा ठेवून बसले होते त्याच्याशी बाबांचं काही वैर नव्हतंच. त्यांचं भांडण गावातल्या आपल्याच माणसांशी होतं, आणि त्यात माझा पायथन काही कामाचा नव्हता.

काका घरी आले. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं, मग म्हणाले की राखणदारी पुन्हा तूच सांभाळ, पोरगं अजून शिकत आहे. आईला वाटलं बाबा नाही म्हणतील. मला वाटलं ते काकांना चांगलं सुनावतील. बाबांनी फक्त हो म्हटलं. आईकडून मोबाइल घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेले. मला खरं सांगायचं तर थोडा रागच आला. एवढं सगळं करून हे असं निमूट परत जायचं होतं तर मी कोणासाठी जळत होते, असं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा वर आलं. एका सकाळी मी बाबांना डबा द्यायला पाळीवर गेले होते. बाबा पायऱ्यांवर, मांड्यांपर्यंत पाण्यात, खांबावर तोंड नेऊन आकडा पाहत होते. तेवढ्यात काका आले. सलंगाकडे जायच्या घाईत होते, जाळी लावायची की नाही ते ठरवायचं होतं. पाळीवरूनच त्यांनी विचारलं, "किती झालं गा पानी?"

बाबांनी मागे वळून पाहिलं. पूर्वी असं कोणी विचारलं की ते तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्याने ओरडून सांगायचे.

"मोबाइलात पाहा," बाबा म्हणाले.

काका म्हणाले, माझ्या मोबाइलला रेंज नाही इथं, तू उभाच आहेस तर सांग ना. बाबांनी आकडा टाकला, मोबाइल खिशात ठेवला, वर आले, दुपट्टा पिळला, माझ्या हातातला डबा घेतला आणि काकांच्या बाजूने घराकडे चालू लागले. तेव्हा मला कळलं की ते राखणदारी कशासाठी घेऊन बसले आहेत. त्या दिवसापासून आजपर्यंत गावातल्या एकाही माणसाला त्यांनी तोंडाने पाणी सांगितलेलं नाही. आकडा रोज जातो, वेळेवर जातो, अगदी बरोबर जातो.

काका मोबाइल वर धरून पाळीवर इकडून तिकडे फिरले. मग डोळे बारीक करून खांबाकडे पाहिलं, तेवढ्या लांबून त्यांना वाचता येईना, तेव्हा माझ्याकडे आले आणि विचारलं, बाई, तुले तं दिसलं असंल ना? खांब माझ्यासमोरच होता आणि आकडा स्पष्ट दिसत होता.

मीही सांगितलं नाही.